इस्पितळाचे दार आणि इस्पितळाची भाषा

१९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याच्या कलम ५ ने, अस्पृश्यतेच्या कारणावरून इस्पितळात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरविला. १९७६ साली या कायद्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. दार उघडले. पण दाराच्या आत कोणाची भाषा चालते, हा प्रश्न आपल्या चळवळीने पुरेसा विचारलेला नाही.

माझ्या वस्तीतल्या बाया केसपेपर वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. एकीने लघवीची जळजळ 'उन्हाळी लागलीय' अशी सांगितली. परिचारिका केरळातून आलेली. तिने ऊन लागले असे समजून सावलीत बसायला सांगितले. 'कावळा शिवला', 'बाहेर बसले', 'दिवस गेले' हे शब्द शहरात वाढलेल्या मराठी परिचारिकेलाही कित्येकदा कळत नाहीत. आणि 'मासिक पाळी' म्हटले की आमची बाई गप्प होते. मग तिला अडाणी ठरविले जाते. खरे तर तिची मराठी अभ्यासक्रमात नसते, एवढेच.

शब्द कळला तरी जगणे कळतेच असे नाही. 'जेवणानंतर तीनदा' हा सल्ला दोनदाच चूल पेटणाऱ्या घरात कसा पाळायचा? क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिने चालतो, पण काही आठवड्यांतच खोकला कमी होतो. बरे वाटल्यावरही गोळ्या का घ्यायच्या, अर्धवट सोडल्या तर जंतू औषधाला का दाद देत नाहीत, हे कोणी उलगडून सांगत नाही. रोगी मजुरीला जातो आणि कागदावर शेरा पडतो : 'सहकार्य करीत नाही.'

'समजलं का?' या प्रश्नाला आमची माणसे 'व्हय बाई' म्हणतात. हा होकार समजुतीचा नव्हे. चावडीवर आणि कचेरीत पिढ्यान्‌पिढ्या शिकलेला तो बचाव आहे. त्यात शेजारच्या खाटेवरची बाई 'काकू' आणि आमची 'ए बाई' असेल, तर उलट विचारण्याचे बळ कोठून यावे? म्हणून विचारायचे ते असे : 'घरी गेल्यावर गोळी कशी घ्याल, मला सांगा बरं.' चूक असेल तिथेच उघडी पडते.

परिचारिका आपली शत्रू नव्हे. रक्त-मळाला हात लावते म्हणून तिच्याही कामाला या समाजाने कमी लेखले. एकटीने भरलेला वॉर्ड सांभाळताना ती भाषा कधी शिकणार? तिला स्थानिक बोलीचे शिक्षण आणि वॉर्डाला पगारी दुभाषी मिळाला पाहिजे, ही मागणी तिची आणि आपली एकच आहे.

या मागणीला आधारही आहे. पुरेशी माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती खरी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात सांगितले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत रोग्याला समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क नोंदला आहे. न समजलेल्या कागदावरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे.

कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी एक काम हाती घ्यावे. आपल्या तालुक्यातल्या बाया दुखणे कोणत्या शब्दांत सांगतात ते गोळा करावे, आणि ती यादी सरकारी दवाखान्यातल्या परिचारिकांच्या हाती द्यावी. आपल्या बोलीला वॉर्डात जागा मिळेल, तेव्हाच ते दार खऱ्या अर्थाने उघडेल.