टॉवर लाईनचे टेंडर : लखोटा फुटण्याआधीची गोष्ट



मळीचे टेंडर निघाले की आपण आधी काय विचारतो? अटी सर्वांना सारख्या होत्या का, आणि लखोटे सर्वांसमोर फुटले का. दराचे नंतर. आपल्या शिवारांतून ४०० आणि ७६५ केव्हीच्या टॉवर लाईनी चालल्या आहेत, त्यांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. लाईनीचा खर्च शेवटी वीजदरातच येतो.

वीज कायदा २००३ ने दोन वाटा ठेवल्या आहेत. कलम ६२ प्रमाणे कंपनी खर्च मांडते आणि नियामक आयोग तो तपासून आकार ठरवतो. कलम ६३ प्रमाणे निविदा मागवतात. कमीत कमी आकार मागेल त्याला काम, आणि निविदा रीतसर झाली असेल तर आयोग तोच आकार मान्य करतो. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या लाईनींसाठी, काही अपवाद सोडता, २०११ पासून ही दुसरी वाट आहे. त्या कामापुरती एक कंपनी आधीच काढून ठेवतात आणि जिंकणाऱ्याच्या हवाली करतात. भोपाळ-धुळे ट्रान्समिशन कंपनी हे नाव काहींनी ऐकले असेल, ती अशीच निघाली. आता तर लखोट्यानंतर संगणकावर उलटा लिलावही होतो. गुळाच्या सौद्यात भाव चढतो, इथे उतरतो, एवढाच फरक.

पण गोम लखोट्यात नसते, त्याच्या आधी असते. कोणती लाईन लागणार, कुठून कुठे, केव्हा, हे ठरवणाऱ्यात केंद्रीय पारेषण संस्था म्हणून पॉवरग्रिड होती, आणि तीच पुढे टेंडरही भरत असे. तोडणी-वाहतुकीच्या अटी ज्याने लिहायच्या, त्याचेच ट्रक रांगेत उभे! पॉवरग्रिडने गैर केले असे मी म्हणत नाही. पण इतरांच्या मनात शंका राहणारच. ही अडचण सरकारलाही पटली आणि १ एप्रिल २०२१ पासून ते काम वेगळ्या कंपनीकडे दिले. तीही स्थापन झाली पॉवरग्रिडचीच उपकंपनी म्हणून. तेव्हा अंतर पडले, पण घर एकच.

दुसरी गोष्ट आपल्या राज्यातली. पालघर जिल्ह्यातील कुडूस ते मुंबईतील आरे, १,००० मेगावॅटची लाईन. राज्य आयोगाने २०२१ मध्ये तिचा परवाना टेंडर न काढता अदानींच्या कंपनीला दिला. टाटा पॉवर भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २३ नोव्हेंबर २०२२ रोजी हरली. न्यायालयाने सांगितले, कलम ६३ काही ६२ च्या वरचढ नाही, राज्यांना दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. मात्र कोणती वाट केव्हा धरायची याचे निकष नियमांत घाला, असेही आयोगांना बजावले. निकाल कायद्याला धरून असेल, पण माझे मत विचाराल तर यातली शेवटची ओळ सर्वांत मोलाची. घाईचे काम म्हणून टेंडर टाळले, तर घाई होती हे आधी कागदावर दिसायला नको का?

आता आपल्या बांधाशी येऊ. कमी आकार मागून काम घेतलेला ठेकेदार पैसे कुठे वाचवणार? तारेत नाही, लोखंडात फारसे नाही. मग शेतकऱ्याच्या मोबदल्यात हात आखडतो. केंद्राने जून २०२४ मध्ये सूचना काढल्या, त्यांत टॉवरखालच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के मोबदला सुचवला आहे. आधी, २०१५ च्या सूचनांत, हे ८५ आणि जास्तीत जास्त १५ टक्के होते. पण केंद्राने सुचवले म्हणजे आपल्या गटाला लागू झाले असे नव्हे, ते राज्याने स्वीकारावे लागते. हा दर टेंडरआधी पक्का असला, तर तो प्रत्येकाला धरावाच लागतो आणि आपल्याला कमी देऊन कोणी स्वस्त ठरू शकत नाही.

आपल्या गटात आखणीची माणसे आली, तर लागू असलेला दर लेखी मागावा आणि उभ्या उसाचा पंचनामा तोडणीआधी करून घ्यावा. लागणीची नोंद गट कार्यालयात आहेच, तिचा उतारा मिळेल.

— ऊस विकास अधिकारी