स्तनदा मातेच्या पथ्याचा जमाखर्च

एखादी वस्तू सोडणे हे आपल्या समाजाला शिकवावे लागत नाही. कंदमुळे आपण सोडली, सूर्यास्तानंतरचे भोजन सोडले, चातुर्मासात पालेभाजी सोडली. बाह्य तपाच्या सहा प्रकारांत रसपरित्यागाची गणना आहे आणि आपल्या घरांतील स्त्रिया तो हसतमुखाने आचरतात. म्हणूनच एखाद्या बाळंतिणीस डॉक्टरांनी सांगितले की, "बाळाला तुमच्या खाण्यातील काही पदार्थांचे वावडे दिसते, दूध बंद करा, गहू बंद करा," तर आपल्या घरी ती आज्ञा त्याच दिवशी अंमलात येते. यात कौतुकास्पद पुष्कळ आहे. पण एक धोकाही आहे. काय सोडले याची नोंद जितकी काटेकोर होते, तितकी त्याच्या बदली काय घेतले याची होत नाही. नावे बाजू भरलेली आणि जमा बाजू कोरी, अशी वही आपल्यापैकी कोणीही व्यापारी मान्य करणार नाही. मातेच्या आहाराची वही मात्र अनेक घरांत अशीच चालते. आम्ही वैद्य नव्हे, धान्याचे घाऊक व्यापारी आहोत. तरीही हा विषय शेवटी धान्याच्या पोत्याशी आणि दुकानाच्या मापाशी येऊन ठेपतो, म्हणून या स्मरणिकेत चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

प्रथम वावडे म्हणजे काय ते पाहू. व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली 'ॲलर्जी' हा शब्द प्रचारात आणला. आपल्या भाषेतील 'वावडे' हा शब्द त्याच अर्थाचा व सुटसुटीत आहे. शरीराचे संरक्षण करणारी यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी अन्नातील प्रथिनास शत्रू समजते आणि त्याच्याशी झुंजू लागते, हे त्याचे मूळ. माता जे खाते त्यातील प्रथिनांचा अत्यल्प अंश तिच्या दुधात उतरतो. बहुसंख्य बालकांना त्याचा काहीच त्रास होत नाही, थोड्यांना होतो. शौचात रक्ताचे तंतू किंवा आव दिसणे, अंगावर न हटणारा इसब, वारंवार ओकणे, वजन न वाढणे ही त्याची लक्षणे होत. मात्र प्रत्येक रडणे आणि प्रत्येक पुरळ म्हणजे वावडे नव्हे, हे डॉक्टर मंडळी आवर्जून सांगतात.

वावड्याचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत. एक तत्काळ उठणारे; त्यात ओठ सुजणे, गांधी उठणे, श्वास लागणे असे घडते आणि तसे दिसताच क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. दुसरे सावकाश उमटणारे. अंगावर पिणाऱ्या बाळांत बहुधा हे आढळते आणि ते रक्ताच्या वा त्वचेच्या तपासणीत सापडत नाही. त्याची परीक्षा एकच. डॉक्टरांच्या सल्ल्याने संशयित पदार्थ मातेने दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करावा, बाळाची प्रकृती पाहावी, मग तो पदार्थ पुन्हा खाऊन त्रास परततो का ते पडताळावे. पुष्कळ घरांत ही दुसरी पायरी गाळली जाते. बाळ बरे झाले, आता कशाला विषाची परीक्षा, असे म्हणून महिनोन्महिने पथ्य चालू राहते आणि कित्येकदा निरपराध पदार्थही त्यात अडकून पडतात.

केवळ भीतीपोटी पथ्य करणे तर सर्वस्वी व्यर्थ. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००० साली असा सल्ला दिला होता की, घराण्यात वावडे असल्यास स्तनदा मातेने शेंगदाण्यासारखे पदार्थ टाळावेत. पुढे त्यास पुरेसा आधार नाही असे दिसल्यावर २००८ साली त्याच संस्थेने तो सल्ला मागे घेतला. तेव्हा लक्षण नसता पथ्य नको. आणि लक्षण असले तरी अंगावरचे दूध तोडण्याची घाई नको. पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध आणि पुढे इतर अन्नाबरोबर दोन वर्षे वा अधिक काळ स्तनपान, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मातेच्या योग्य पथ्याने अशा बहुतेक बाळांचे स्तनपान निर्वेध चालू राहते.

आता नावे बाजू. अशा बाळांच्या बाबतीत पहिला संशयित बहुधा दूध. येथे वावडे असते ते दुधातील प्रथिनाचे, साखरेचे नव्हे. म्हणून 'लॅक्टोजरहित' दूध उपयोगाचे नाही. गाईऐवजी म्हशीचे किंवा शेळीचे दूधही चालत नाही, कारण त्यांची प्रथिने एकमेकांशी फार मिळतीजुळती आहेत. तुपातही प्रथिनाचा अंश राहतो, म्हणून कडक पथ्याच्या काळात डिंकाचे आणि अळिवाचे लाडू तुपाविना करावे लागतात. बेळगावी बाळंतिणीच्या भेटीस येणारा कुंदा तर निव्वळ दूधच. गव्हाचे पथ्य असेल तर रवा, मैदा, शेवया, दलिया सारे गेले. खपली हलकी म्हणून चालेल, अशी समजूत आमच्या पेढीवर आम्ही वारंवार ऐकतो. पण खपली हाही गहूच होय. उलटपक्षी जोंधळा, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी व राजगिरा म्हणजे गहू नव्हे.

जमा बाजू अशी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पहिल्या सहा महिन्यांत स्तनदा मातेस नेहमीच्या आहाराहून सुमारे ६०० उष्मांक आणि १७ ग्रॅम प्रथिने रोज अधिक लागतात. हा आकडा आमच्या तराजूत मांडून पाहिला. १०० ग्रॅम जोंधळ्याचे सुमारे ३३५ उष्मांक, ५० ग्रॅम मूगडाळीचे १७०, १० ग्रॅम तेलाचे ९०, बेरीज ५९५. प्रथिने वीस ग्रॅमच्या आसपास भरतात. म्हणजे दोन भाकरी, वाटीभर घट्ट आमटी आणि दोन चमचे तेल एवढे रोजच्याहून अधिक पोटात गेले, तर ही बाजू भरून निघते. अर्धा लिटर गाईच्या दुधातून सुमारे ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. १०० ग्रॅम नाचणीतून साडेतीनशेच्या आसपास आणि २० ग्रॅम तिळातून दोनशेहून अधिक मिळते. तिळाचेही वावडे असेल, अथवा घरी तीळ ऋतुपरत्वे वर्ज्य असतील, तर हुलगा व राजगिरा यांचा आधार घ्यावा. धान्यातील सगळे कॅल्शियम अंगी लागत नाही आणि स्तनदा मातेस ते रोज १२०० मिलिग्रॅम हवे असते. म्हणून डॉक्टर गोळी देतात ती चुकवू नये. दुधाच्या जागी सोयाबीनचे दूध मात्र विचारल्यावाचून सुरू करू नये. दुधाचे वावडे असणाऱ्या काही बाळांना सोयाबीनही सोसत नाही.

एक रक्कम मात्र अशी आहे की, ती धान्याने भरून निघतच नाही. ती म्हणजे बी-१२ हे जीवनसत्त्व. आमच्या गोदामातील एकाही पोत्यात ते नाही. शाकाहारी मनुष्यास ते प्रामुख्याने दूध, दही, ताक यांतूनच मिळते. सामान्य शाकाहारी मातेने दूध सोडले म्हणजे तिचा हा एकमेव झरा आटला; आणि तिच्या अंगी नसेल ते तिच्या दुधात कोठून येणार? अशा बाळांचे रक्त कमी होते, ती मलूल होतात, मान धरणे, हसणे, बसणे मागे पडते, आणि उपचार उशिरा झाल्यास मेंदूची हानी कायमची राहू शकते. बाळाच्या कल्याणासाठी केलेले पथ्यच बाळाच्या मुळावर येते ते असे. उपाय सोपा आहे. पथ्य सुरू होते त्याच दिवशी डॉक्टरांना बी-१२ विषयी विचारावे. हे जीवनसत्त्व जिवाणूंच्या किण्वनाने तयार करतात, त्यास प्राण्याची हिंसा लागत नाही. केवळ जिलेटिनच्या कवचातील गोळी टाळून थेंब किंवा साधी गोळी मागून घ्यावी.

आमच्या धाकट्या सुनेस दूध, गहू व शेंगदाणे ही तिन्ही काही महिने बंद होती. आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत विचारले, "काय सोडले ते कळले, आता काय खाता ते सांगा." त्यांनी सूर्योदय ते सूर्यास्त या मर्यादेत पाच वेळांचा क्रम बांधून दिला. सकाळी नाचणीची गूळ व नारळाचे दूध घातलेली खीर. दहाच्या सुमारास भाकरी, मुगाची आमटी, दुधी किंवा तोंडल्याची भाजी व तिळाची चटणी. दुपारी भात, तुरीचे वरण आणि वर तुपाऐवजी करडईचे तेल. तिसऱ्या प्रहरी राजगिऱ्याचा लाडू व केळे. सूर्यास्तापूर्वी भाकरी, हुलग्याचे पिठले आणि लाल भोपळा किंवा कच्च्या केळ्याची भाजी. कंदमुळांवाचून कोठेही अडले नाही. रात्री बाळाला पाजताना घसा कोरडा पडतो; तेव्हा उकळलेल्या पाण्याची मुभा घरातील ज्येष्ठांनी आपण होऊन द्यावी. दशलक्षण वा पर्युषणातील उपवासही त्या वर्षी तिच्याकडून अपेक्षू नये. तिचे पथ्य हे तप नसून औषध आहे, आणि औषध उपाशीपोटी घ्यावयाचे नसते.

शेवटी सभासद बंधूंसाठी दोन शब्द. आपल्या फोडणीत कांदा-लसूण नाही, म्हणून हिंग रोज पडतो. आणि बाजारातील बांधणी हिंगात मैदा किंवा तांदळाचे पीठ असते. कोणता हिंग कशाने बांधला आहे ते दुकानदारास ठाऊक असलेच पाहिजे. गव्हाच्या पाठोपाठ त्याच गिरणीत जोंधळा दळला की त्यात गव्हाचे पीठ उतरते. अशा घरांनी घरघंटी वापरावी आणि त्या काळात तीत गहू घालू नये. शेंगदाण्याचे बारदान झटकून त्यात डाळ भरणे, एकच माप सर्व राशींत फिरवणे, बेसनात वाटाण्याचे पीठ मिसळणे, या गोष्टी एरवी क्षुल्लक वा केवळ लबाडीच्या वाटल्या, तरी अशा घरी त्या बाळाच्या अंगावर उमटतात. घाण्याचे शेंगतेल व शुद्धीकृत शेंगतेल यांतही भेद आहे. घाण्याच्या तेलात शेंगदाण्याची प्रथिने राहतात. बंद पुड्यांवर दूध, गहू, शेंगदाणे, सुका मेवा, सोयाबीन यांचा उल्लेख करणे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. सुट्या मालावर मात्र चिठ्ठी नसते. तेथे आपला शब्द हीच चिठ्ठी. "यात काय आहे?" असे एखाद्या मातेने विचारले तर ठाऊक असेल तेवढेच सांगावे आणि ठाऊक नसेल तर तसे स्पष्ट म्हणावे. एखादे गिऱ्हाईक परत गेले तरी चालेल.

बहुतेक बालकांचे दुधाचे वावडे पहिल्या काही वर्षांत ओसरते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली एकेक पदार्थ पुन्हा ताटात येतो. तोवर प्रत्येक घराने मातेच्या ताटाची वही रोज मिटवावी. जेवढे वजा, तेवढे जमा. आणि शिल्लक नेहमी मातेच्या बाजूस असावी.