बॅकप्लेट आणि विंग : पाठीवरच्या वजनाचा हिशेब

बॅकप्लेट-विंग ही स्कूबा डायव्हरच्या पाठीवरची तीन सुट्या भागांची जुळणी आहे. पाठीच्या आकाराला वाकवलेला धातूचा जाड पत्रा म्हणजे बॅकप्लेट. तिच्या खाचांतून ओवलेला पट्टा म्हणजे हार्नेस. प्लेट आणि टँक यांच्या मध्ये बसणारी, हवा भरता-सोडता येणारी पिशवी म्हणजे विंग. नेहमीच्या जॅकेट बीसीडीत, म्हणजे हवा भरून तरंगणे सांभाळणाऱ्या जॅकेटमध्ये, ही तिन्ही कामे एकाच शिवलेल्या अंगरख्यात असतात आणि तो लहान, मध्यम, मोठा अशा मापांत मिळतो. इथे प्रत्येक भाग वेगळा निवडायचा असतो, आणि निवड ठरते ती वजनाच्या हिशेबाने. हिशेब न करता घेतलेला संच कितीही महाग असला तरी पाण्यात त्रासच देतो.

ही रचना हौशी डायव्हरांसाठी जन्मली नाही. अमेरिकेतल्या उत्तर फ्लोरिडात चुनखडीच्या, पाण्याने भरलेल्या लांबच लांब गुहा आहेत. त्यांच्या तळाशी पिठासारखा बारीक गाळ असतो. पोहणाऱ्याचे पाय जरा खाली झुकले की फिन्सच्या फटकाऱ्याने तो उसळतो आणि परतीची वाट दिसेनाशी होते. त्यामुळे तिथे शरीर आडवे राहणे हा जिवाचा प्रश्न होता. छातीवर किंवा गळ्याभोवती हवा धरणाऱ्या जुन्या साधनांनी ते साधत नसे, शिवाय पाठीवर दोन-दोन टँक पेलायचे असत. 1979 च्या सुमारास ग्रेग फ्लॅनगन यांनी या गुहा-डायव्हरांसाठी धातूची प्लेट बनवली. विल्यम होगार्थ मेन यांनी हार्नेसमधली बकले, गाद्या, जोड एकेक करून काढून टाकत तो जवळजवळ एका सलग पट्ट्यावर आणला. आजही अशा साध्या मांडणीला त्यांच्याच नावावरून ‘होगार्थियन’ म्हणतात. त्या काळापासून टिकलेली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे प्लेटवरच्या दोन मुख्य भोकांमधले अंतर : 11 इंच, म्हणजे सुमारे 28 सेंटिमीटर. या एका मापामुळे एका कंपनीची प्लेट दुसऱ्या कंपनीच्या विंगला बसते आणि एखादा भाग झिजला तर तेवढाच बदलता येतो.

प्लेट बहुधा दोन धातूंत मिळते. सुमारे 3 मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची प्लेट अडीच ते तीन किलो भरते. तेवढीच ॲल्युमिनियमची एक किलोच्या आत राहते. स्टीलमध्येही प्रती आहेत. घरातल्या भांड्यांसाठी वापरले जाणारे 304 खाऱ्या पाण्यात बरे टिकते, पण 316 मध्ये मॉलिब्डेनम असल्याने क्लोराइडमुळे पडणाऱ्या बारीक खड्ड्यांना ते जास्त दाद देत नाही. दर वेळी गोड्या पाण्याने धुणाऱ्याला 304 ही वर्षानुवर्षे पुरते. खरा प्रश्न प्रतीचा नाही, वजनाचा आहे. स्टीलची प्लेट म्हणजे पाठीवर कायमचे बांधलेले शिसेच. ते शिसे हवे आहे की नको, हे वेटसूट आणि टँक यांवरून ठरते.

हिशेब डाइव्हच्या शेवटापासून मांडावा लागतो. टँक जवळजवळ रिकामा असताना, 5 मीटरवर सुरक्षेसाठी थांबताना, विंगमध्ये जवळपास हवा नसूनही डायव्हर स्थिर राहिला पाहिजे. नेमके वजन तेच. मालवणजवळचा समुद्र, गोव्याचे ग्रँड आयलंड, अंदमान अशा उबदार पाण्यात 3 मिलिमीटरचा पूर्ण वेटसूट आणि 11.1 लिटरचा ॲल्युमिनियम टँक हा नेहमीचा जोड आहे. असा वेटसूट साधारण दोन किलोचे प्लावक बल देतो. ॲल्युमिनियमचा टँक भरलेला असताना पाण्यात थोडा जड असतो, पण रिकामा झाला की उलट पावणेदोन-दोन किलोने वर ओढू लागतो. श्वासासाठी टँकला जोडलेला रेग्युलेटर सुमारे एक किलोने खाली ओढतो. म्हणजे शेवटी तीन किलोच्या आसपास वर ओढणारे बल उरते. पाण्यातले सुमारे अडीच किलो वजन असलेली स्टीलची प्लेट ते जवळजवळ एकटीच फेडते आणि कमरेचे शिसे अर्ध्या-एक किलोवर येते किंवा लागतच नाही. शरीराच्या ठेवणीनुसार हे आकडे एक-दोन किलोने इकडेतिकडे होतात, पण हिशेबाची रीत बदलत नाही.

टँक स्टीलचा असेल तर मात्र हेच गणित उलटते. 12 लिटरचा स्टीलचा टँक रिकामा झाला तरी सहसा वर ओढत नाही, अनेकदा पाण्यात किंचित जडच राहतो. त्यावर स्टीलची प्लेट आणि अंगात पातळ वेटसूट, असा जोड जुळला तर डायव्हर शेवटीही दोन-अडीच किलोने जड असतो आणि सुरुवातीला टँकमधल्या हवेचे तीन किलोंहून अधिक वजन त्यात मिळते. विंगला छिद्र पडले तर टाकून देण्यासारखे काही अंगावर नसते, कारण सगळे वजन प्लेट आणि टँक यांतच अडकलेले असते. म्हणून उबदार समुद्रात ॲल्युमिनियमच्या टँकबरोबर स्टीलची प्लेट आणि स्टीलच्या टँकबरोबर ॲल्युमिनियमची प्लेट, ही जुळणी समंजसपणाची. जाड वेटसूटला बरेच वजन लागते तेव्हा त्यातला काही भाग तरी कमरेच्या पट्ट्यावर किंवा खिशात, एका हाताने सोडता येईल असा ठेवतात. विमानाने जाणाऱ्याला ॲल्युमिनियमची प्लेट सोयीची, कारण शिसे मुक्कामी भाड्याने मिळते.

विंग निवडताना सर्वांत जास्त चुका होतात. मोठी विंग अधिक सुरक्षित, असे सहज वाटते. प्रत्यक्षात विंगला दोनच कामे पुरी करायची असतात. पहिले म्हणजे डाइव्हच्या सुरुवातीचा जडपणा फेडणे. 11.1 लिटरच्या टँकमध्ये 207 बार दाबाने भरलेली हवा सुमारे 2.6 किलोची असते. 30 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट होतो, वेटसूटच्या निओप्रीन रबरातले बुडबुडे दबतात आणि 3 मिलिमीटरचा सूट आपल्या दोन किलोंपैकी दीड किलोच्या आसपास गमावतो. दोन्ही मिळून चार किलो. दुसरे काम म्हणजे डायव्हरने पाण्यात उतरवून ठेवलेला संच, भरलेल्या टँकसह, पृष्ठभागावर तरंगत ठेवणे. वरच्या जोडणीत तेही साडेचार-पाच किलोंपलीकडे जात नाही. लाटांमध्ये डोके वर ठेवायला थोडा वाव धरला तरी 11 ते 14 किलो उचल असलेली विंग उबदार समुद्रात भरपूर होते. थंड पाण्यात, 7 मिलिमीटरचा दुपदरी सूट आठ-नऊ किलो प्लावक बल देतो आणि खोलवर त्यातले बरेच हरवतो. तिथे 14 ते 18 किलोंची विंग लागते. त्याहून मोठ्या विंग दोन टँकांसाठी असतात. एका टँकवर तशी विंग लावली तर तिच्या कडा टँकभोवती दुमडून वर येतात, हवा घड्यांत अडकते, सोडायला गेले तर सुटत नाही, आणि फडफडणारे कापड पाण्याला अडवते ते वेगळेच.

आकाराचे दोन प्रकार आहेत. गोल विंगमध्ये हवेची वाट खालूनही जोडलेली असते, त्यामुळे अंग जरा कलले तरी हवा एका बाजूहून दुसरीकडे सहज जाते. नालेच्या आकाराच्या विंगमध्ये ती वाट फक्त वरून असते. दोन्हींनी उत्तम डायव्हिंग होते, तरी नवख्याला गोल विंगशी जमवून घेणे सोपे जाते. बहुतेक विंगचे बाहेरचे कापड जाड नायलॉनचे आणि आतली पिशवी वेगळी असते. प्रवासासाठीच्या हलक्या विंग एकेरी कापडाच्या असतात, पण त्या खडकावर घासल्यास लवकर फाटतात.

हवा पाठीवर आणि जड धातू पाठीच्या कण्यालगत, फुप्फुसांच्या जवळ, असे असल्याने शरीर आपोआप आडवे राहते. कमरेला शिसे आणि काखेखाली हवा असली की पाय खाली जातात. या मांडणीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : पृष्ठभागावर विंग तोंड पाण्यात ढकलते. विंग गच्च फुगवली आणि वजन पोटाकडे असले तर तसे होतेच. हवा गरजेपुरती ठेवून मागे रेलले की ते थांबते. ही सवय एक-दोन डाइव्हमध्ये लागते.

हार्नेसचा पट्टा 5 सेंटिमीटर रुंद, ताठ विणीचा असतो. प्लेटची वरची कड मानेच्या तळाशी हाताला लागणाऱ्या हाडापाशी यावी. खांद्यावरच्या पट्ट्याखालून हात सरकेल इतकी ढिलाई हवी. घट्ट बांधलेला हार्नेस अंगातून काढताना खांदा मुरगळतो, आणि नव्या डायव्हरांची हीच तक्रार असते. दोन्ही मांड्यांमधून पुढे येणारा पट्टा प्लेट वर सरकू देत नाही, तो वगळू नये. सलग पट्ट्यात कमरेचे एकच धातूचे बकल असते, म्हणून मोडण्यासारखे फारसे काही नसते. खांदा दुखावलेल्या किंवा हात मागे न जाणाऱ्या माणसाने मात्र खांद्यावर सुटणारे बकल घेण्यात काहीच गैर नाही. साधने अडकवायच्या डी-रिंग छातीवर दोन आणि डाव्या कमरेला एक, एवढ्या पुरतात.

एका टँकसाठी पूर्वी प्लेट आणि टँक यांच्यामध्ये धातूचा लांबट जोड बसवत. आता अनेक विंगांना टँक डगमगू न देणाऱ्या पट्ट्या आधीच शिवलेल्या असतात आणि टँकचे दोन पट्टे थेट प्लेटच्या खाचांतून जातात. टँकचे पट्टे भिजल्यावर सैल पडतात, म्हणून ते आधी ओले करून मगच आवळायचे. टँक वर-खाली सरकवूनही तोल साधतो : पाय जड वाटत असतील तर तो थोडा वर, डोके जड वाटत असेल तर खाली.

नवा संच प्रथम उथळ, शांत पाण्यात, टँकमध्ये 50 बारच्या आसपास हवा असताना तपासतात. विंग रिकामी करून नेहमीसारखा श्वास घेत पाणी डोळ्यांच्या पातळीला आले तर वजन बरोबर आहे. डाइव्हनंतर विंगमध्ये गोडे पाणी भरून, हलवून, खालच्या झडपेतून काढून टाकतात, कारण आत सुकलेल्या मिठाचे कण पिशवीला घासत राहतात. हवा भरण्याचे बटण मिठाने अडकले तर विंग आपोआप फुगत जाते, म्हणून ते वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्यावे लागते. धुऊन झाल्यावर विंग अर्धवट फुगवून सावलीत टांगतात, म्हणजे आतल्या भिंती एकमेकींना चिकटत नाहीत.