मनाचं दुखणं बोलायला लाज कशाची?

इफ्तारच्या वेळी टेंभी नाक्यावरून घाईनं घरी निघालेल्या कुणालाही विचारा, 'कसं चाललंय?' उत्तर येतं, 'ठीक आहे.' दुकानाचं भाडं, मुलाची दहावी, सासू-सुनेची धुसफूस, उडालेली झोप, सगळं त्या 'ठीक'मध्ये दडलेलं असतं. यासाठी समुपदेशकाकडे जा म्हटलं, की प्रश्न येतो, 'मी काय वेडा आहे?'

ठाणेकरांना हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. 1901 पासून इथं मनोरुग्णालय आहे, त्यामुळे 'ठाण्याला पाठवा' ही महाराष्ट्रभर थट्टाच झाली. पण याच शहरात 1990 मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' सुरू केली आणि आजारी नसलेल्यांनीही मनाबद्दल बोलावं, हा विचार मराठी घरांत नेला.

समुपदेशक उपदेश करत नाहीत. ते ऐकतात, प्रश्न विचारतात. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. ती सांगते, की 'मुलानं माझं ऐकलंच पाहिजे' यातला 'च' आपल्याला छळतो. 'ऐकलं तर बरं' असं म्हणता आलं, तर मुलगा तोच राहतो, पण घरातला आवाज खाली येतो. हा 'च' आपला आपल्याला दिसत नाही. नातेवाईक दाखवायला गेले, तर भांडण होतं. म्हणून तिऱ्हाईत माणूस हवा.

काहींना वाटतं, सब्र असेल तर याची गरज काय? नवव्या-दहाव्या शतकातले बल्खचे विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. राग, भीती, दुःख आणि वस्वसा, म्हणजे मनात सतत घोळणारा नकोसा विचार, यांवरचे उपाय त्यात आहेत. घरात औषधं ठेवतो, तसे चांगले विचार बरं असतानाच साठवावेत, असं ते सांगतात. दात दुखत असताना दंतवैद्य टाळणं म्हणजे सब्र नव्हे, मनाचंही तसंच.

सुरुवात फोनवरूनही करता येते. 'टेली-मानस'चा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे. मराठीतही बोलता येतं. मात्र मनाची औषधं आधीपासून सुरू असतील, तर रोजासाठी ती स्वतःहून बंद करू नयेत. वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

समुपदेशक दुकानाचं भाडं कमी करणार नाही. पण भाड्याच्या काळजीपायी रात्रीची झोप आणि घरातली माणसं दुरावू नयेत, एवढं त्याच्या मदतीनं नक्की साधू शकतं.