आठ टनांची कॉट

वाकडेवाडीला एसटीतून उतरलो तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं. भाच्याच्या पाठीवर सॅक, एका हातात भाकरीचं गठुडं आणि दुसऱ्या हातात सुतळीनं आवळलेली गादी.

"अजून जागेचा पत्ता नाही, गादी कामून आणली?"

"आईनं बांधून दिली मामा. म्हणली, जागा काय, घावतीच."

बीडच्या पाटोदा तालुक्यातलं पोरगं पुण्यात खोली बघायला गेलं, असं गावात सांगतात. बघायची असते ती कॉट. शास्त्री रोड, नवी पेठ, सदाशिव पेठ, नारायण पेठ हा एमपीएससीवाल्यांचा मुलूख. इथं जागा 'कॉट बेसिस'वर मिळते: एक लोखंडी कॉट, तिच्याखाली बॅगेपुरती जागा, कपाटातला एक कप्पा आणि नशीब असेल तर उशाशी प्लग. बाकी सगळं सामाईक, रात्रीचं घोरणंसुद्धा.

विजेच्या खांबांवर चिकटवलेल्या कागदांवरून आम्ही सुरुवात केली. पहिले दोन फोन एजंटांनीच उचलले. एका महिन्याचं भाडं त्यांचं, तेही जागा दाखवायच्या आधी कबूल करायचं. पहिली जागा जुन्या वाड्याच्या माडीवर होती. प्लायवूडच्या आडभिंती, आठ कॉट, एक मोरी. दुसऱ्या ठिकाणी मालकांनी आधी आडनाव विचारलं, मग गाव. "बीड" ऐकल्यावर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सध्या सगळं फुल आहे." खाली येऊन पाहिलं, तर 'जागा मिळेल'ची पाटी तशीच लटकत होती. भाचा काही बोलला नाही. त्यानं फक्त गादी या हातातून त्या हातात घेतली.

दुपारी गावाकडचा एक पोरगा भेटला. चार वर्षं इथंच अभ्यास करतोय. तो बरोबर आला आणि शोधायची रीतच बदलली. तिसऱ्या जागेत शिरल्या शिरल्या त्यानं आगपेटीतली काडी काढली आणि कॉटच्या सांध्यांतून, प्लायच्या फटीतून सावकाश फिरवली. काडीच्या टोकाला काळपट डाग आला. "ढेकणं," तो म्हणाला आणि पुढं गेला. पुढच्या जागेत नळ सोडून पाहिला, पंखा पाचवर केला, प्लगला स्वतःचा चार्जर लावला. मालकाला त्यानं काहीच विचारलं नाही. कॉटवर पडून पुस्तक वाचणाऱ्याला विचारलं, "पाणी किती वाजेपर्यंत असतं? अकरानंतर लाईट बंद करायला लावतात का?" खरी उत्तरं तिथंच मिळतात.

भाडं महिना तीन हजार, डिपॉझिट दोन महिन्यांचं. आकडा ऐकून भाचा बोटं मोजायला लागला. त्याचे आईवडील, म्हणजे माझी अक्का आणि दाजी, ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या वहीत ते दोघं मिळून 'एक कोयता'. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर टनाला 366 रुपये ठरला. "मामा, महिन्याचं भाडं आठ टन," तो म्हणाला. "डिपॉझिट सोळा." आठ टन म्हणजे दोघांची चार-पाच दिवसांची तोड, उसाच्या फडातली, पहाटेपासूनची. आणि खिशातले पैसे तर अजून न तोडलेल्या उसाचे होते. पावसाळ्यात मुकादम उचल देतो, दसरा-दिवाळीनंतर ती फेडायला टोळी निघते. तिकडं उचल आगाऊ घ्यायची, इकडं डिपॉझिट आगाऊ द्यायचं.

अशा घरातल्या मुलांसाठी काहीच नाही, असं नाही. आईबाप फडावर गेले की मुलांची शाळा सुटू नये म्हणून गावागावांत हंगामी वसतिगृहं चालतात. 2021 मध्ये सरकारनं संत भगवानबाबांच्या नावानं 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना मंजूर केली. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती 1955 पासून खेड्यातल्या मुलांना आसरा देते. सरकारच्या स्वाधारसारख्या योजनेत खोलीभाड्याला पैसे मिळतात. पण या बहुतेक दारांवर शाळेचा नाहीतर कॉलेजचा दाखला लागतो. भाच्याची पदवी झालेली. दिवसाचे बारा तास अभ्यासिकेत बसणारा हा मुलगा कागदावर विद्यार्थीच नाही.

करारही तसाच. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लेखी करार करून तो नोंदवणं ही मालकाची जबाबदारी. कॉट बेसिसला मात्र असते ती दोनशे पानी वही: नाव, गाव, मोबाईल, जमा. आमच्या वाटाड्यानं बजावलं, "वहीच्या पानाचा फोटो काढून ठेव. तीच पावती."

संध्याकाळी त्यालाच फोन आला. त्याच्या खोलीतला केजचा पोरगा जागा सोडत होता.

"पोस्ट निघाली काय?" भाच्यानं विचारलं.

"नाही. सहावं वर्ष चालू होतं."

दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळची कॉट. काडी स्वच्छ निघाली. एजंट नाही, कागद नाही. भाच्यानं डिपॉझिटचे सहा हजार त्या पोराच्या हातात ठेवले, मालकीणकाकूंनी वहीतलं जुनं नाव खोडून नवं लिहिलं. गावाकडची जागा गावाकडच्यालाच गेली. इथल्या बऱ्याच जागा अशाच हातोहात फिरतात. खांबावर कागद लागतो तो उरलेल्या कॉटचा.

"गादी पाहिजे का? राहू दे इथंच," जाणारा म्हणाला.

"आणलीय," भाचा म्हणाला.

गादी पसरली तर कॉटहून वीतभर रुंद भरली. अक्कानं ती घरातल्या जमिनीच्या मापानं शिवली होती. भाच्यानं एक कड आत दुमडली, वर चादर ओढली.

रात्रीच्या गाडीला मी परत निघालो. केजचा पोरगा सोबत होता. पाठीवर सॅक, हातात गादी. सुटलेली सुतळी भाच्यानंच त्याला दिली होती.