रूप दुसऱ्याचें, नांव स्वतःचें

नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर ज्याचा ऊंस पोसला, तो इंदापूर तालुका आमच्या पुष्कळ वाचकांच्या परिचयाचा असेल. त्याच तालुक्यांत, वालचंदनगरच्या शेजारीं, कळंब हें गांव आहे. गेल्या दिवाळींत तेथील एका स्नेह्यांच्या घरीं आमचा मुक्काम होता. घर लेकीसुनांनीं भरलेलें. पुण्यास नोकरीवर असलेला नातूही आलेला. त्याच्या मनगटावर पोलादाचें एक जाड घड्याळ होतें. काळी तबकडी, अंधारांत उजळणारे टपोरे ठिपके, भोंवतीं मिनिटांच्या खुणांचें फिरतें कडें आणि खालीं बारीक अक्षरांत ‘२०० मीटर’ असा लेख.

आजोबांनीं तें हातांत घेऊन निरखलें व विचारलें, “अरे, हें घालून तूं बुडी मारणार कोठें? कालव्याला पुरुषभर पाणी. उजनी म्हणशील, तर त्या धरणाची पायापासूनची उंचीच छप्पन्न मीटर!” सारें घर हंसलें. पण त्यांचा दुसरा प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. “रूप तर रोलेक्सचें दिसतें आणि नांव निराळेंच. ही नक्कल आहे काय?”

“नक्कल नव्हे, आजोबा. याला होमेज म्हणतात.”

होमेज म्हणजे मानवंदना. एखाद्या नामांकित घड्याळाचें रूप उघडपणें घ्यावयाचें, पण तबकडीवर नांव आपलें घालावयाचें, असा हा प्रकार आहे. घड्याळांच्या शोकिनांत त्याची आवड बरीच पसरली असून, तो प्रामाणिक कीं अप्रामाणिक, याविषयीं त्यांच्यांत वाद आहे. तो वाद घरांतील वडिलांनीं आणि मुलांनीं मिळून समजून घेण्यासारखा आहे, असें आम्हांस वाटतें.

पाणी आणि काळ यांचें नातें आपल्या घरांस नवें नाहीं. लग्नघरीं मुहूर्त साधण्यासाठीं घंगाळांत सोडलेलें घटिकापात्र वडील मंडळींस ठाऊक असेल. तळाला बारीक छिद्र असलेलें तें तांब्याचें पात्र भरून बुडालें, कीं एक घटिका, म्हणजे २४ मिनिटें, झालीं. घटिकापात्र पाणी आंत घेऊन वेळ सांगतें. पाणबुड्याच्या घड्याळाचें सारें कसब थेंबभरही पाणी आंत न घेण्यांत आहे. १९२६ सालीं रोलेक्सनें ‘ऑयस्टर’ ही जलाभेद्य पेटी काढली. पुढच्याच वर्षीं मर्सिडीझ ग्लाइट्झ ही इंग्रज जलतरणपटू तें घड्याळ गळ्यांत बांधून इंग्लिश खाडींत उतरली. त्या वेळीं गारठ्यामुळें तिला पोहणें अर्ध्यावर सोडावें लागलें, पण घड्याळ चालत राहिलें.

तथापि पाणबुड्यांच्या घड्याळाचें जें रूप आज सर्वत्र दिसतें, तें १९५३ सालचें. पाठीवर हवेचें नळकांडें बांधून खोल जाणाऱ्या मनुष्यास आपण किती वेळ खालीं आहों हें कळणें हा प्राणाचा प्रश्न असतो. फ्रेंच सैन्यांतील पाणबुड्यांच्या या गरजेंतून ब्लांपां या स्विस कारखान्याचें ‘फिफ्टी फॅदम्स’ निघालें, आणि त्याच सालीं रोलेक्सचें ‘सबमरीनर’ तयार झालें. बुडी घेतांना कड्यावरील खूण मिनिटकांट्यासमोर आणावयाची. मग कांटा जेथें जाईल, तितकीं मिनिटें सरलीं. आधुनिक घड्याळांत हें कडें फक्त डावीकडे फिरतें. चुकून धक्का लागला, तरी सरलेला वेळ आहे त्याहून अधिकच दिसावा आणि माणूस लवकर वर यावा, अशी त्यांत योजना आहे. मोठे कांटे, ठळक ठिपके, आट्यांनीं घट्ट बसणारी किल्ली, यांपैकीं कांहींच शोभेसाठीं आलेलें नाहीं. आज पाणबुडे मनगटावर गणकयंत्र बांधतात, तरी या घड्याळाचा मोह सुटत नाहीं, याचें कारण हेंच. गरजेंतून घडलेलें रूप जुनें होत नाहीं. आपल्या घरांतील तांब्याचा घाट तरी कोठें बदलला आहे?

परंतु त्या मूळ घड्याळाचें मोल आज कित्येक लाखांच्या घरांत आहे. होमेज घड्याळ आठ-दहा हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत मिळतें. तेव्हां प्रश्न उरतो तो नीतीचा आणि गुणाचा.

नीतीचा प्रश्न प्रथम घेऊं. तबकडीवर दुसऱ्याचें नांव छापणें ही सरळ चोरी होय. १९९९ च्या व्यापारचिन्हांच्या कायद्यान्वयें असा माल करणारास व विकणारास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. होमेजवाला नांव स्वतःचें घालतो. घाटावरील हक्क तर आपल्या कायद्यानें अधिकांत अधिक पंधरा वर्षें टिकतो, आणि १९५३ च्या घाटाला सत्तर वर्षें उलटून गेलीं. आमच्या वाचकांस नाटकाचें उदाहरण अधिक पटेल. देवलांचा ‘झुंझारराव’ शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून उभा राहिला, हें कोणापासून लपलेलें नव्हतें, म्हणून त्यास कोणी चोरी म्हणालें नाहीं. मात्र रूपांतर करणारानें मराठी बोलींत तें नाटक जिवंत करण्याचे कष्ट घेतले होते. होमेज घड्याळालाही हीच कसोटी लावली पाहिजे. ज्याचें रूप घेतलें, त्याचा धर्म पाळण्याचे कष्ट घेतले आहेत काय?

येथें गुणाचा प्रश्न येतो. बऱ्या होमेज घड्याळांत पोलाद चांगल्या जातीचें असतें, कांच सहसा न ओरखडणारी नीलमण्याची असते, आणि आंतील यंत्र बहुधा जपानी असतें. सेको आणि मियोता हे कारखाने आपलीं यंत्रें इतर कारखानदारांस विकतात. सेकोचें एनएच-३५ हें २४ रत्नांचें यंत्र हातांच्या हालचालीनें आपोआप किल्ली घेतें व काढून ठेविल्यास सुमारें ४१ तास चालतें. दिवसाकाठीं तें २० सेकंद मागें किंवा ४० सेकंद पुढें जाऊं शकेल, असें कारखानाच सांगतो. स्टेशनावर गाडी गांठण्यास तेवढें पुरे. हें यंत्र सर्वत्र वापरांत असल्यामुळें त्याचे सुटे भाग मिळतात व साधा कारागीरही तें उघडूं शकतो. लाखांच्या घड्याळांत जी बारीक सफाई असते, ती मात्र येथें नसते. कड्यास किंचित् खेळ असतो, उजळणारा लेप पातळ असतो, पट्ट्याच्या कडा हातास टोंचतात.

सर्वांत महत्त्वाचा तो ‘२०० मीटर’ हा लेख. आयएसओ ६४२५ हें पाणबुड्यांच्या घड्याळांचें आंतरराष्ट्रीय मान १९८२ सालीं प्रथम ठरलें. त्याप्रमाणें प्रत्येक घड्याळ सांगितलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखालीं तपासावें लागतें. २०० मीटरचें घड्याळ २५० मीटरच्या दाबास उतरलें पाहिजे. अंधारांत वितीभर अंतरावरून तें वाचतां आलें पाहिजे. खाऱ्या पाण्यानें गंजतां, धक्क्यानें बंद पडतां कामा नये. ही परीक्षा न देतां नुसता आंकडा छापणारे कारखाने आहेत. रूप पाणबुड्याचें आणि अंगांत बळ न्हाणीघरापुरतें, असें घड्याळ तबकडीवर कोणाचेंही नांव असो, तें खोटेंच. म्हणून घेणारानें रूपाआधीं या परीक्षेची चौकशी करावी. आणि पेटींतील रबराचीं कडीं कालांतरानें सुकतात, हें ध्यानांत ठेवून पोहणारानें तीं वेळच्या वेळीं तपासून घ्यावीं.

अनुकरणाची हेटाळणी करण्याचा अधिकार निदान कळंबच्या परिसरास तरी नाहीं, असें आजोबाच आम्हांस म्हणाले. शेठ वालचंद हिराचंद यांनीं येथील माळावर ऊंस लावला व १९३० नंतरच्या दशकांत साखरेचा कारखाना काढला. पुढें येथेंच यंत्रें घडूं लागलीं, आणि अखेरीस इस्रोच्या अग्निबाणांचीं पोलादी कवचेंही येथें तयार झालीं. बंगलोरचा एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ सालीं जपानच्या सिटिझनकडून विद्या घेऊनच उभा राहिला होता आणि त्यानें एका पिढीचीं मनगटें सजविलीं. सेकोनें १९६५ सालीं जपानचें पहिलें पाणबुड्याचें घड्याळ काढलें, तेव्हां स्विस लोक पुढें गेलेले होते. आज त्या सेकोच्या घड्याळाचींच होमेज निघतात. शिष्य गुरु झाला, तो असा. जो कारखाना वर्षानुवर्षें दुसऱ्याचाच कित्ता गिरवील, त्याच्या हातून मात्र हें घडणार नाहीं.

निघावयाच्या दिवशीं ओटीवर पुन्हां तोच विषय निघाला. उन्हाळ्यांत एका लग्नांत कोणा पाहुण्यांनीं नातवाचें मनगट पाहून म्हटलें होतें, “वा! रोलेक्स घेतलेंत कीं!” आणि तो कांहीं न बोलतां नुसता हंसला होता. हें त्यानें स्वतःच, थोडें ओशाळून, सांगितलें.

आजोबा म्हणाले, “घड्याळानें आपलें नांव कपाळावर लिहिलें आहे. तें खोटें बोललें नाहीं. खोटें बोललास तो तूं.”

नातू खालीं मान घालून बसला. थोड्या वेळानें आजोबांनीं तें घड्याळ त्याच्या मनगटावर स्वतः बांधलें व विचारलें, “काय नांव म्हणालास या कारखान्याचें?” त्यानें सांगितलें. “मोठ्यानें सांग,” आजोबा म्हणाले, “पुढच्या लग्नांत मला ऐकूं आलें पाहिजे.”