अख्खा रेपो कशाला? गिटची हलकी प्रत (एपिसोडचं शब्दांकन)

आजचा एपिसोड आंबागडवरून, म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या घरून. मागे किल्ल्याचा डोंगर, समोर लॅपटॉप आणि इंटरनेट म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट.

दिवाळीत घरी आलो आणि एक बग अंगावर आला. रेपो क्लोन करायला घेतला, तर दोनदा मध्येच तुटला. गिटचा क्लोन तुटला की पुन्हा शून्यापासून सुरू होतो, हे लक्षात ठेवा. दिवसाचा १.५ जीबी डेटा संपला. बाबा म्हणाले, "का रे, अजून नाही उतरलं का?"

आता हे एवढं जड का असतं? सातबारा आणि फेरफार आठवा. सातबारा सांगतो, जमीन आज कोणाच्या नावावर आहे. फेरफार सांगतो, ती तिथवर कशी आली. साधा क्लोन म्हणजे आजचा सातबारा आणि सुरुवातीपासूनचे सगळे फेरफार. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं गिट बनवलं ते असंच, प्रत्येकाकडे पूर्ण इतिहास.

पण आपल्याला फक्त सातबारा हवा असेल तर? 'गिट क्लोन' नंतर '--डेप्थ १' लिहायचं. फक्त शेवटची कमिट येते, आणि तीही एकाच ब्रँचची. दुसरी ब्रँच हवी असेल तर '--ब्रँच' देऊन तिचं नाव सांगा. याला शॅलो क्लोन म्हणतात. माझं काम यानंच झालं. बदल करून पुशही करता येतो.

पण इथेच मी फसलो. चुकीची ओळ कोणी लिहिली ते बघायला 'गिट ब्लेम' चालवलं, तर सगळ्या ओळी एकाच सहकाऱ्याच्या नावावर! त्याला चार खडे बोल टाईपही केले होते. मग कमिटच्या आकड्याआधी '^' ही खूण दिसली. तिचा अर्थ, इतिहास इथेच कापलेला आहे. त्या बिचाऱ्यानं फक्त शेवटची कमिट केली होती. मेसेज खोडला, वाचलो.

मग इतिहास कसा आणायचा? 'गिट फेच --डीपन=१००' म्हणजे आणखी १०० कमिट मागे. असा टप्प्याटप्प्यानं आणला की नेटवर्क गेलं तरी तेवढाच टप्पा वाया जातो. सगळा हवा असेल तर 'गिट फेच --अनशॅलो'.

दुसरा मार्ग, '--फिल्टर=ब्लॉब:नन'. यात कमिटचा सगळा इतिहास येतो, पण जुन्या फाईलींचा मजकूर लागेल तेव्हाच उतरतो. ऑफिसच्या वायफायवर छान. गावात मात्र ऐन ब्लेमच्या वेळी रेंज गेली की अडकलात.

आणि रेपो आधीच लॅपटॉपवर असेल, फक्त दुसरी ब्रँच शेजारी उघडायची असेल, तर क्लोन करूच नका. 'गिट वर्कट्री ॲड' वापरा, इंटरनेट लागतच नाही.

थोडक्यात, बिल्ड करून टाकून द्यायचं असेल तर डेप्थ १. पण कोणाला दोष द्यायचा असेल, तर आधी फेरफार काढा!

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.